‘माझ्यामुळे कुणाचा खोळंबा नको’

प्रश्न : मी 47 वर्षांची, पुण्यात सहकारनगरला राहते, बँकेत नोकरी करते. गेली चार-पाच वर्षं ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर सह्याद्रीत फिरते. कळसूबाई तीनदा झालं, राजगड, हरिश्चंद्रगडही झाले. येत्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नऊ जणी मनालीजवळच्या हमता पासला (खिंडीला) जाणार आहोत. पैसे भरून झालेत. हिमालयात मी पहिल्यांदाच जातेय. बीपीची एक गोळी रोज सकाळी घेते, बाकी तब्येत ठीक. गटात सगळ्यात मोठी मीच, बाकीच्या तिशीतल्या. कळसूबाई झेपतं म्हणजे हेही झेपेल ना? तयारी काय करू? उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी घ्यावी का? एकीने कापूर न्यायला सांगितलंय, तो खरंच उपयोगी पडतो का? बूट कसे घेऊ? नवरा म्हणतो, “या वयात कशाला नसतं खूळ!” मला काळजी एकाच गोष्टीची आहे, माझ्यामुळे कुणाचा खोळंबा व्हायला नको.
– एक वाचक, पुणे

ताई,

बूट, गोळी, कापूर या सगळ्याकडे येते, पण तुमचं पत्र वाचताना मी अडखळले ती शेवटच्या वाक्यावर. अगदी हेच वाक्य मनात घेऊन मीही पस्तिशीत पहिल्यांदा हिमालयात गेले होते.

साडेतीन हजार मीटरच्या आसपासचा कॅम्प होता. दुपारी पोचलो तेव्हापासून डोकं ठणकायला लागलं. ऊन लागलं असेल, चहा उशिरा मिळाला म्हणून असेल, असं स्वतःलाच समजावत बसले. संध्याकाळी अन्नाचा वास नकोसा झाला, तर “दुपारी जास्त खाल्लं” म्हणून तंबूत जाऊन पडले. गाईडने दोनदा येऊन विचारलं, दोनदा “एकदम ठीक” म्हणाले. आपल्याकडे बायकांना हे एक वाक्य बाळकडूसारखं पाजलेलं असतं, ताप अंगात असला तरी तोंडातून तेच येतं. पहाटे दोन उलट्या झाल्या आणि तंबूतल्या मुलीने मला न विचारता जाऊन गाईडला उठवलं. मला खाली नेलं. बरोबर एक मदतनीस द्यावा लागला, त्याचं सामान दुसऱ्याने उचललं, सगळ्यांची निघायची वेळ टळली. संध्याकाळपर्यंत मी खालच्या गावात राजमा-चावल दोनदा वाढून घेत होते, इतकी ठणठणीत. दुपारीच तोंड उघडलं असतं तर कदाचित एका दिवसाच्या विश्रांतीवर भागलं असतं. खोळंबा नको म्हणून गप्प बसले आणि सगळ्यात मोठा खोळंबा मीच केला.

म्हणून तुमच्या तयारीतली पहिली गोष्ट ही लिहून घ्या: डोकं दुखलं की त्याच क्षणी सांगायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. घरी सराव करावा लागतो. चेष्टा करत नाहीये. पुढचे तीन महिने घरात “काही नाही, ठीक आहे” हे वाक्य बंद करून पाहा, म्हणजे कळेल किती वेळा येतं ते.

आता कळसूबाईचं. 1,646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, लोखंडी शिड्या, सगळं खरं. पण मनाली शहरच सुमारे 2,050 मीटरवर आहे. म्हणजे तिथे हॉटेलच्या गॅलरीत सकाळचा चहा पीत उभ्या असाल तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर वर असाल. तुमची खिंड आहे 4,270 मीटरच्या आसपास. पायांचं म्हणाल तर कळसूबाई तीनदा चढलेल्या बाईला हमता अवघड जाऊ नये. रोजची चाल पाच-सहा तासांची, खिंडीच्या दिवशी बरीच जास्त, आणि जूनच्या शेवटी वर बर्फ असतं. पण उंचीची परीक्षा सह्याद्रीत होतच नाही. तीन काय, तीस वेळा कळसूबाई केलं तरी त्या परीक्षेचा एक गुणही खात्यावर जमा होत नाही.

वर ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो. हवेतलं त्याचं प्रमाण तिथेही 21 टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. खिंडीवर तो समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या जवळपास राहतो, त्यामुळे तेवढ्याच श्वासात ऑक्सिजन कमी येतो. शरीर यावर उपाय शोधतं. श्वास वाढतो, नाडी वाढते, लघवी जास्त होते, पुढे रक्तात बदल होतात. पण हे सगळं जुळवायला त्याला दिवस लागतात. ते दिवस त्याला दिले की काम झालं. घाई केली की डोकं दुखतं. आणि यात वय, व्यायाम, पुरुष-बाई यांचा भरवसा नाही. मॅरेथॉन धावणारा पंचविशीतला मुलगा आडवा पडतो आणि त्याच कॅम्पवर साठीच्या काकू मटार सोलत बसलेल्या दिसतात. उलट धडधाकट पोरांनाच जास्त जपावं लागतं, कारण ती पळत वर जातात. तेव्हा “गटात सगळ्यात मोठी मीच” ही काळजी सोडा. सगळ्यात सावकाश तुम्ही चालणार असाल तर तो तुमचा फायदाच.

तुमच्या मार्गाचा हिशेब मांडून पाहू. जोब्रापर्यंत गाडी, तिथून चालत चिका, सुमारे 3,100 मीटर. दुसऱ्या दिवशी बालू का घेरा, 3,600 च्या आसपास. तिसऱ्या दिवशी खिंड ओलांडून पलीकडे शिया गोरू, 3,900 च्या पुढेमागे. मग छत्रूला उतार. (नकाशानकाशांत शंभर-दीडशे मीटरचा फरक सापडेल, त्याने बिघडत नाही.) डॉक्टर मंडळींचा सर्वमान्य नियम असा की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. नियम मुक्कामाच्या उंचीचा आहे. दिवसा वर जाऊन झोपायला खाली आलात तर चांगलंच. चिकाच्या पुढे तुमचा मार्ग या नियमात कसाबसा बसतो. बसत नाही ती पहिली उडी. पुण्याहून चंदीगडला विमान, रात्रभर बस, सकाळी मनाली, दुसऱ्या दिवशी चिका असं करणारे गट मी पाहिलेत. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर राहणारी माणसं दोन रात्रींत तीन हजारांच्या वर, तीही झोप न झालेली.

पैसे भरलेत ते भरलेत, पण तारखा बघून मनालीत दोन रात्री आधी पोचा. रजा मिळत नसेल तर परतीची खरेदी कापा, हे कापू नका. त्या दोन दिवसांत नुसतं लोळायचं नाही. हिडिंबा मंदिरापर्यंत चालत जा, वशिष्ठला जाऊन या, जोगिनी धबधब्याची चढण सावकाश करा. रोहतांगला (3,978 मीटर) गाडीने जाऊन तास-दोन तास थांबून मनालीला परत झोपायला आलात तर फारच उत्तम. आठ मैत्रिणींना पटलं नाही तर तुम्ही एकट्या आधी जा. तुम्ही बँकेत नोकरी करता, मनालीत दोन रात्री एकट्या राहू शकता.

त्रास ओळखायचा कसा? उंचीवर डोकेदुखी आणि जोडीला मळमळ, भूक मरणं, चक्कर किंवा विचित्र थकवा यांतलं काही असेल, तर ते उंचीचंच आहे असं धरून चालायचं. ऊन, अपचन, अपुरी झोप ही कारणं नंतर. नव्या उंचीवर पोचल्यावर सहा ते बारा तासांत हे सुरू होतं, म्हणजे बरेचदा संध्याकाळी किंवा रात्री, जेव्हा तंबूतून उठून सांगायला जायचा सगळ्यात जास्त कंटाळा असतो. सौम्य असेल तर तिथेच थांबायचं, पाणी प्यायचं, हवी तर पॅरासिटामॉल घ्यायची आणि बरं वाटेपर्यंत एक पाऊलही वर टाकायचं नाही. थांबूनही वाढत असेल तर उतरायचं. दोन खुणा मात्र अशा की तिथे सकाळ होण्याचीसुद्धा वाट पाहायची नसते. बसल्या जागी धाप लागणं, सोबत खोकला असो वा नसो, ही एक. दुसरी, चाल बिघडणं, बोलण्यात गोंधळ. पावलाला पाऊल चिकटवून सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगायचं. तोल गेला तर मेंदूला सूज आल्याची शंका घ्यायची आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी सोबत घेऊन खाली न्यायचं. हे नऊही जणींना माहीत हवं, कारण ज्याला होतं त्याला स्वतःला कळत नाही. निघण्याआधी जोड्या लावा. संध्याकाळी एकमेकींना विचारायचं, आणि “ठीक” हे उत्तर धरायचं नाही. जेवलीस किती, लघवीला कितीदा गेलीस, डोकं दुखतंय का, असं नेमकं विचारायचं.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर गाईड रोज लावेल. त्या आकड्याच्या स्पर्धा लागतात कॅम्पवर, “माझे नव्वद, तुझे किती?” गार पडलेलं बोट, नखांवरचं गडद पॉलिश यांनीही आकडा चुकतो. आकडा चांगला आणि डोकं फुटतंय, तर डोक्याचं ऐका.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड. ही गोळी त्रास नुसता लपवत नाही, शरीराला जुळवून घ्यायला खरोखर मदत करते. प्रतिबंधासाठी सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर चढायच्या आदल्या दिवसापासून, अशी देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा पाणचट लागतो. पण तुमच्या बाबतीत मी हो किंवा नाही म्हणणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी म्हणायचं. तुमची बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर दोन्हींचा मेळ त्यांना बघावा लागेल. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. बीपीची गोळी ट्रेकमध्ये स्वतःच्या मनाने बंद करू नका, उंचीवर सुरुवातीला बीपी थोडं वाढू शकतं. डॉक्टरांकडे जाताच आहात तर हृदयाची तपासणी आणि हिमोग्लोबिन दोन्ही करून घ्या. ऑक्सिजन वाहून न्यायचं काम हिमोग्लोबिनचं, आणि आपल्याकडच्या किती बायका वर्षानुवर्षं ते कमी असतानाच सगळं रेटत असतात. कमी निघालं तर भरून काढायला तीन महिने आहेत, हा भाग मला बुटांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आयोजकांना जो फिटनेसचा कागद लागतो, तो ओळखीच्या डॉक्टरकडून नुसता शिक्का मारून आणू नका.

कापूर न्या, देवापुढे लावायला. हुंगल्याने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. लसणाचं सूप गरम असतं म्हणून छान लागतं, एवढंच. मनालीत ऑक्सिजनचे छोटे डबे विकायला ठेवलेले दिसतील, ते काही मिनिटांत संपतात. त्याच्या जिवावर वर चढायचं नसतं. प्राणायाम रोज करत असाल तर करत राहा, पण वर जाऊन श्वास रोखायचे प्रयोग नकोत. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी घ्यायची नाही, आणि थंडी घालवायला म्हणून कुणी काही पाजलं तर तेही नाही.

पायांच्या तयारीला तुम्ही नशीबवान आहात, तळजाई घराशी आहे. आठवड्यातून चार दिवस टेकडी, पाऊण ते एक तास, बोलता येईल इतक्याच वेगाने. धाप लागून बोलणं तुटलं की वेग जास्त झाला. महिन्याभराने सॅक घ्या आणि तिच्यात पाण्याच्या बाटल्या भरा, चार-पाच किलो. माथ्यावर पोचलात की ते पाणी झाडांना घाला, उतरताना गुडघ्यांवर ओझं नको. टेकडीवर झाडांना पाणी घालणारी मंडळी भेटतातच, त्यांच्यात तुम्ही खपून जाल. रविवारी सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने. शेवटच्या महिन्यात शनिवारी आणि रविवारी लागोपाठ करा, कारण सह्याद्रीतल्या ट्रेकनंतर आपण सोमवारी खुर्चीत बसतो आणि हिमालयात दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायचं असतं, आखडलेल्या पोटऱ्यांनी. वरची झुणका-भाकर, मटक्यातलं दही खुशाल खा. उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करा. शिया गोरू ते छत्रू उतरताना मांड्या बोलतात. निघण्याआधीच्या आठवड्यात मात्र काहीच जोराचं नको. सर्दी-खोकला असेल तर वर जायच्या आधी तो पूर्ण बरा व्हायला हवा.

बूट आजच घ्या. घोटा झाकणारे, तळवा घट्ट पकडणारे, जाड मोजा घालून पुढे बोटभर जागा राहील असे. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. घेतलेत की तळजाई आणि सिंहगड त्यातच. नवे कोरे बूट घेऊन हिमालयात गेलेल्यांच्या टाचा बघितल्यात मी. आणि कुणाचे माळ्यावर पडलेले जुने बूट आणायचा विचार असेल तर जपून, वर्षानुवर्षं न वापरलेल्या बुटांचे तळ चालताचालता सुटून येतात. वाटेत बर्फाच्या पाण्याचे ओढे ओलांडावे लागतात, त्यासाठी मागे पट्टा असलेल्या सँडल वेगळ्या ठेवा.

कपड्यांवर फार लिहीत नाही, आयोजकांची यादी असेलच. सुती काही अंगाला लागून नको, घामाने ओलं झालं की वाळत नाही. थर घालायचे, जाड एकच स्वेटर नको. डाऊन जॅकेट मनालीत भाड्याने मिळतं, एका ट्रेकसाठी विकत घेऊ नका. बर्फावर चांगला काळा चष्मा लागतोच, नाहीतर डोळे अक्षरशः भाजतात. आणि माकडटोपीला हसणाऱ्या मुली रात्री तीच मागतात.

मोठी बॅग खेचरावर देता येते, त्याला ऑफलोड करणं म्हणतात. बिनधास्त करा. पाठीवर पाणी, रेनकोट, खाऊ, औषधं एवढीच छोटी सॅक. यात कमीपणा मानणाऱ्या लोकांशी वाद घालू नका, त्यांना पुढे जाऊ द्या.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न, जो बायका विचारत नाहीत. कॅम्पवर टॉयलेटचा तंबू असतो, आत खड्डा, वर माती टाकायची. चालताना आडोसा मोठ्या दगडाचा, आणि खिंडीच्या बर्फावर तोही नाही. म्हणून बायका काय करतात तर पाणीच पीत नाहीत. सकाळी चहाचा एक घोट आणि दिवसभर ओठ कोरडे. यानेही डोकं दुखतं, आणि मग ते उंचीने दुखतंय की पाण्याअभावी हे कुणालाच कळत नाही. दिवसाला तीन-चार लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. नऊ जणी आहात, दोघींनी पोंचो (सैल, झग्यासारखा रेनकोट) धरून उभं राहिलं की झाला आडोसा. उंचीवर पाळीचं वेळापत्रक बिघडू शकतं, तुमच्या वयात तर ते तसंही लहरी असतं. तारीख लांब असली तरी सोय जवळ ठेवा, आणि वापरलेलं सगळं बंद पिशवीत घालून खाली परत आणा. डोंगरात पुरू नका.

भूक मेलेली असताना कॅम्पवरचा गिचगा भात आणि डाळ समोर येते तेव्हा घशाखाली काही उतरत नाही. मेतकूटाची एक पुडी आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी बरोबर असेल तर उतरतं. हा सल्ला मला कुठल्या डॉक्टरने दिला नाही, पण बालू का घेऱ्यात ती पुडी तंबूतंबूतून फिरेल. खिशात चिक्की, खजूर. डिंकाचे लाडू थंडीत दगड होतात, दातांचा विचार करून न्या.

नवऱ्याचं काय करायचं? “खूळ” म्हणणाऱ्या माणसाशी वाद नको. उद्या सकाळी तळजाईला त्यांनाही उठवा. दोन आठवडे आले तर कदाचित सप्टेंबरची तारीख विचारतील. नाही आले तर डॉक्टरांचे कागद, आयोजकांचा नंबर आणि रोजच्या मुक्कामांची नावं त्यांच्या हातात देऊन ठेवा, आणि जोब्राच्या पुढे फोन लागणार नाही हे आधीच सांगा. घरच्यांचा निम्मा विरोध हा न लागणाऱ्या फोनचा असतो.

गाईड बहुतेक हिमाचली असेल. त्याला सांगायचं वाक्य आताच पाठ करून ठेवा: “भैया, सर दुख रहा है, खाना नहीं खाया.” कितीही मराठी वळणाचं हिंदी असलं तरी त्याला समजतं. रात्री अकरा वाजता उठवून सांगितलं तरी तो चिडत नाही. तो चिडतो ते सकाळी सांगितल्यावर.

ता. क. – निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं अगदी बारीक कापा. छत्रूच्या उतारावर बोटं पुढे बुटाला धडकत राहतात आणि वाढलेलं नख काळंनिळं पडतं. माझं एक अजून सरळ आलेलं नाही.